भाकड गाईंचे दान

यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी विचार करायला लावणारं लिहून द्या" असा संपादिकाबाईंचा फोन आला, तेव्हा "बघतो, वेळ मिळाला तर" असे म्हणून मी वेळ मारून नेली. मी काही लेखक नाही. तीस वर्षे न्यू जर्सीत कॉम्प्युटरवर पोट भरले आणि गेली पंधरा-सोळा वर्षे आपल्या देवळाच्या बालवर्गात दर रविवारी मुलांना गोष्टी सांगतो, एवढीच काय ती माझी सरस्वतीची सेवा. पण त्याच बालवर्गातली एक गोष्ट बरेच दिवस माझा पिच्छा पुरवते आहे. ती आज तुमच्यापुढे मांडतो. गोष्ट उपनिषदातली आहे आणि विषय मात्र पोरांच्या सिगारेटचा आणि व्हेपचा आहे. देवळाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा, एवढीच विनंती.

कठोपनिषदातला नचिकेत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मी ही गोष्ट मुलांना सांगताना नेहमी यमाच्या दारापासून सुरुवात करत असे. तीन रात्री उपाशी बसलेला मुलगा, ओशाळलेला यम, तीन वर. तिसऱ्या वराच्या वेळी मृत्यूनंतर काय, हे विचारणाऱ्या या पोराला यम भुलवू पाहतो. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे माग, हत्ती-घोडे माग, सोने माग, राज्य माग, रथातल्या अप्सरा माग! नचिकेत म्हणतो, नको. हे सगळे उद्या असेल की नाही कोणास ठाऊक. मग यम त्याला श्रेयस आणि प्रेयस यांतला भेद सांगतो. हिताचे एक आणि आवडीचे एक. शहाणा माणूस हिताचे निवडतो.

मुलांना ही गोष्ट फार आवडायची. हत्ती-घोड्यांच्या जागी मी फेरारी आणि आयफोन घालत असे. शेवटी तात्पर्य ठरलेले: "उद्या शाळेत कोणी तुम्हाला सिगारेट दिली, आणखी काही दिलं, तर नचिकेतासारखं काय म्हणायचं?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "नको!" मला मोठे समाधान वाटायचे. १९८० च्या दशकात नॅन्सी रेगनबाईंनी अमेरिकेच्या शाळांतून 'जस्ट से नो' हा मंत्र दिला होता. आमच्या ऋषींनी तो कितीतरी आधी दिला आहे, असे मी अभिमानाने सांगतही असे.

एकदा एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने हात वर केला. "काका, पण तो यमाकडे गेलाच का? त्याच्या बाबांना एवढा राग का आला?" मी म्हटले, "ते फार लांबलचक आहे, पुढच्या वेळी सांगतो." ती पुढची वेळ काही आली नाही. खरे तर मलाच तो भाग सांगायला अवघड वाटत होता. तो का, ते पुढे येईलच.

२०१८ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दुपारी ऑफिसात असताना चिरंजीवांच्या शाळेतून फोन आला. वय वर्षे पंधरा, इयत्ता दहावी. बाथरूममध्ये व्हेप ओढताना सापडला, येऊन घेऊन जा. ऑफिसमधल्या टेबलावर नव्हे, शाळेतल्या टेबलावर ती वस्तू ठेवली होती. मी म्हटले, "हा तर पेन ड्राइव्ह आहे." समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत. आयुष्यभर कॉम्प्युटरवर काम केलेल्या माणसाला पेन ड्राइव्ह आणि व्हेप यांतला फरक कळू नये, याची मला त्या क्षणी जास्त लाज वाटली. मग मात्र राग आला. गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटे मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांना नचिकेत शिकवणाऱ्या माणसाचा मुलगा! लोक काय म्हणतील, हेच वाक्य मी तीन-चार वेळा म्हटले असेन.

घरी आल्यावर माझी बायको म्हणाली, "अहो, आधी त्याला काही खाऊ तर द्या." तो मुकाट्याने पोळी-भाजी खात बसला. मी नेहमीचे भाषण सुरू केले. फुप्फुसे, कॅन्सर, आजोबा. मध्येच त्याने मान वर करून विचारले, "बाबा, तू कधी सिगारेट ओढलीस?"

"नाही. कधीच नाही," मी ताठ मानेने म्हणालो. हे शंभर टक्के खरे होते. तरीही ते बोलताना घशात काहीतरी अडकले. ते काय, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे गाव निपाणी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, निपाणी म्हणजे तंबाखू. गावात तंबाखूच्या वखारी, वखारीत काम करणाऱ्या बायका, हंगामात हवेत असा वास की नवख्याला ठसका लागावा. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता अडवून धरला, शेवटी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या गावात तंबाखूला कोणी पाप म्हणत नसे. ते पीक होते, पोट होते. माझे वडील शाळामास्तर. ज्या मुलांना ते शिकवत त्यांची फीसुद्धा शेवटी तंबाखूतूनच यायची.

वडील चारमिनार ओढत. मी आठ वर्षांचा असल्यापासून कोपऱ्यावरच्या टपरीवरून त्यांचे पाकीट आणून देत असे. टपरीवाला मला ओळखायचा, उरलेल्या पैशांची एक गोळी हातावर ठेवायचा. वडील शाळेत व्यसनमुक्तीवर सुंदर भाषण करीत. घरी मला म्हणत, "तू मात्र कधी हात लावू नकोस हं." मी लावला नाही. १९९९ साली फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले. मी इथून पोहोचेपर्यंत ते बोलण्याच्या पलीकडे गेले होते.

आणि त्यानंतर तीन वर्षांनी, २००२ साली, तोच मी एका दुकानाच्या काउंटरमागे उभा राहून सिगारेटी विकत होतो.

डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, तशी माझीही गेली. पदरात तीन वर्षांची मुलगी, डोक्यावर घराचे कर्ज. एका स्नेह्याचे हायवेलगत पेट्रोल पंपाचे छोटे दुकान होते. तो म्हणाला, संध्याकाळी काउंटर सांभाळ. त्याचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पाठीमागे छतापर्यंत सिगारेटच्या पाकिटांची मांडणी, पुढे दूध, ब्रेड, लॉटरी. नियम साधा होता: अठरा वर्षांखालच्या कोणाला सिगारेट विकायची नाही, लहान दिसला तर लायसन्स मागायचे.

एक मुलगा यायचा. सोळा वर्षांचा असेल. पहिल्या दिवशी मी आयडी मागितला. "गाडीत राहिला," तो म्हणाला. मागे पाच माणसे रांगेत उभी. मी पाकीट दिले. दुसऱ्यांदा मागितला नाही. पुढे तो आला की मी न बोलता पाकीट काढून ठेवू लागलो. तो हसून "थँक्स, बॉस" म्हणायचा. मी मनाशी म्हणायचो, मी नाही दिले तर पुढच्या चौकात मिळेलच की. आणि हे त्याच्या आई-बापांनी बघायचे, मी कोण?

एके दिवशी तो धाकट्या भावाला घेऊन आला. भाऊ आठ-नऊ वर्षांचा. थोरल्याने पैसे काउंटरवर ठेवले आणि धाकट्याने मान वर करून माझ्यामागच्या पाकिटांच्या रंगीत भिंतीकडे पाहिले. मी निपाणीच्या टपरीवर जसा पाहत असे, अगदी तसे. माझा हात थांबला. मी म्हणालो, "आयडी दाखव." तो चक्रावला. "काल तर दिलंस. आज काय बदललं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तो चडफडत गेला आणि पुन्हा आला नाही. पुढच्या चौकात गेला असेल. दोन-तीन महिन्यांनी मला नोकरी लागली आणि मी ते दुकान सोडले. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

आता नचिकेताच्या गोष्टीतला मी गाळलेला भाग सांगतो. नचिकेताचे वडील सर्वस्व दान करण्याचा यज्ञ करतात. दान म्हणून गाई आणल्या जातात, आणि त्या कोवळ्या पोराच्या लक्षात येते की या गाईंचे शेवटचे पाणी पिऊन झाले आहे, शेवटचे गवत खाऊन झाले आहे, शेवटचे दूध काढून झाले आहे. साऱ्या भाकड! बाप दान करतो आहे, पण ज्याची त्याला गरज उरली नाही तेवढेच. मुलगा तीनदा विचारतो, मग मला कोणाला देणार? आणि बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. बापाला राग आला, कारण मुलाने त्याचे दान पाहिले होते.

माझ्या वडिलांचे "तू मात्र हात लावू नकोस" हे एक भाकड गाय होती. प्रेम खरे होते, पण त्यात त्यांनी स्वतःचे काही दिले नव्हते. आणि मी चिरंजीवांना दिलेले "मी कधीच ओढली नाही" हे उत्तर? तेही तसेच. खरे, पण मला काहीच न लागणारे.

हे सगळे मनात आल्यावर मी जरा वाचन केले. अमेरिकेत शाळकरी मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्याचे प्रयत्न किती आणि कसे झाले, ते पाहिले. मुलीच्या शाळेत पोलीस अधिकारी येऊन शिकवत तो 'डेअर' कार्यक्रम आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. मुले टी-शर्ट घालून घरी यायची. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये तो सुरू झाला आणि देशभर पसरला. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा त्याच्या मूळ स्वरूपाचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. वॉशिंग्टन राज्यात तर ४० स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन मोठा प्रयोग झाला. अर्ध्या ठिकाणी तिसरीपासून थेट बारावीपर्यंत मुलांना शिकवले: मित्रांच्या दडपणाला 'नाही' कसे म्हणावे, जाहिरातींना कसे ओळखावे. उरलेल्या ठिकाणी नेहमीचेच. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे सिगारेट ओढणाऱ्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे वाचून मला धक्काच बसला. म्हणजे माझा रविवारचा 'नको' हाही वायाच म्हणायचा?

पण दुसरीकडे एक आकडा आहे. अमेरिकेच्या हायस्कूलमधल्या मुलांपैकी १९९७ साली ३६.४ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात सिगारेट ओढली होती. २०२१ साली हेच प्रमाण ३.८ टक्क्यांवर आले होते. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे यश फार थोडे आहे. वर्गातल्या धड्याने नाही, तर मग हे झाले कशाने?

कोणा एका गोष्टीने नाही. १९९८ साली ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी मोठा करार केला, त्यात कंपन्यांना मुलांना लक्ष्य करणारी जाहिरात बंद करावी लागली. त्याआधीच १९९७ मध्ये 'जो कॅमल' हा कार्टूनमधला उंट निवृत्त झाला होता. १९९१ च्या एका अभ्यासात सहा वर्षांची मुले त्याला जवळजवळ मिकी माऊसइतकेच ओळखत होती! कर वाढून पाकिटाची किंमत वाढली. आणि किंमत वाढली की मोठ्यांच्या आधी मुले मागे हटतात. हॉटेलांत, कचेऱ्यांत सिगारेट बंद झाली, आपल्या न्यू जर्सीत २००६ साली. अल्पवयीनांना विक्री होते का, हे पाहण्यासाठी सरकार दुकानांत मुलांनाच गिऱ्हाईक म्हणून पाठवू लागले. बोस्टनजवळच्या नीडहॅम गावाने २००५ साली विक्रीचे वय २१ केले, तेव्हा लोक हसले असतील. पण २००६ ते २०१० या काळात तिथल्या हायस्कूलच्या मुलांत सिगारेटचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ७ वर आले, शेजारच्या गावांत मात्र १५ वरून १२ वर. न्यू जर्सीने २०१७ मध्ये हे वय २१ केले, आणि २०१९ च्या डिसेंबरपासून ते साऱ्या देशात झाले.

मुलांशी बोलण्याची पद्धतही बदलली. फ्लोरिडात १९९८ साली आणि २००० पासून देशभर 'ट्रुथ' नावाची जाहिरात मोहीम सुरू झाली. तिने मुलांना "ओढू नका" असे सांगितलेच नाही. तिने सांगितले, तुम्हाला फसवले जाते आहे. कंपन्यांच्या आतल्या कागदपत्रांत आजचा शाळकरी मुलगा हा उद्याचे गिऱ्हाईक म्हणून मोजला होता, ते बाहेर आले होते. एका जाहिरातीत तरुण पोरांनी न्यूयॉर्कमध्ये एका तंबाखू कंपनीच्या इमारतीसमोर बाराशे प्रेत-पिशव्यांचा ढीग रचला. तंबाखूमुळे रोज जाणाऱ्या जिवांची ती संख्या. त्याच सुमारास एका तंबाखू कंपनीने स्वतःही "विचार करा, ओढू नका" अशी मोहीम चालवली होती. तिचा परिणाम तपासला तेव्हा दिसले की ती पाहणाऱ्या मुलांचे तंबाखू कंपन्यांविषयीचे मत मात्र सुधारले! भाकड गाईचे याहून मोठे उदाहरण मला तरी सापडले नाही.

याचा अर्थ शाळेने काही करू नये, असा नाही. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात 'मैत्री' या अर्थाच्या नावाने एक प्रकल्प झाला. त्यात मुलांना नुसते ऐकवले नाही. वर्गातल्याच मुलांना पुढे केले, पालकांना पत्रके दिली, शाळेचे वातावरण बदलले. तिथे तंबाखूचे प्रमाण खरोखर आटोक्यात राहिले. मुंबईत सलाम बाँबे फाउंडेशन २००२ पासून महापालिकेच्या शाळांतून असेच काम करीत आले आहे. धडा फुकट जात नाही. धड्याच्या बाहेर पडल्यावर फाटकापाशीच टपरी असेल, तर मात्र तो फुकट जातो. भारतात २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आली, ती याचसाठी. अंमलबजावणी किती होते, हे सुट्टीत गावी जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

आता एक तात्त्विक प्रश्न उरतो, आणि तो माझ्या मित्रमंडळींत हमखास निघतो. "अरे, हा स्वातंत्र्याचा देश आहे. कोणी काय ओढावं हे सरकार कोण ठरवणार?" प्रश्न चांगला आहे. ज्याच्या विचारांचा आपल्या आगरकरांवर मोठा प्रभाव होता, त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त व्यक्तीच्या स्वातंत्र्याची बाजू मोठ्या हिरिरीने मांडली. पण आपले हे तत्त्व लहान मुलांना लागू नाही, हेही त्याने तिथेच स्पष्ट केले. आणि खरी मेख पुढे आहे. रोज सिगारेट ओढणाऱ्या अमेरिकन प्रौढांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी सुरुवात अठराच्या आत केलेली असते. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटीनची पकड चटकन बसते. म्हणजे चाळीस वर्षांचा माणूस "ही माझी निवड" म्हणतो, ती चौदा वर्षांच्या पोराने त्याच्यासाठी कधीच करून ठेवलेली असते. मग त्या पोराला थोडे थांबवणे म्हणजे त्या चाळिशीच्या माणसाचे स्वातंत्र्य राखणेच नाही का?

नचिकेताला निवड करता आली, कारण यमाने त्याला खोटे सांगितले नाही. प्रेयस कोणते आणि श्रेयस कोणते, हे त्याने स्वच्छ दाखवले. आंब्याच्या, पुदिन्याच्या स्वादात, पेन ड्राइव्हच्या रूपात येणारे प्रेयस स्वतःचे नाव सांगत नाही. चिरंजीवांना आधी माहीतच नव्हते की त्यात निकोटीन आहे. त्यांना वाटत होते की ती नुसती वाफ आहे. २०१९ साली हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी महिन्याभरात व्हेप ओढली होती. सिगारेट जवळजवळ जिंकत आणली, आणि तिच्या धाकट्या भावंडाने मागच्या दाराने घर गाठले. पुन्हा कायदे, पुन्हा मोहिमा. न्यू जर्सीत २०२० पासून स्वादाच्या व्हेप विकायला बंदी आली. २०२४ मध्ये देशातले हायस्कूलचे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले होते. लढाई संपली नाही, पण हरलेलीही नाही.

आता त्या संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलाकडे परत येतो. "तू कधी सिगारेट ओढलीस?" याचे खरे उत्तर देऊन झाल्यावर मी थोडा वेळ गप्प बसलो. मग म्हणालो, "ओढली नाही. पण विकली. तुझ्याएवढ्या मुलाला." आणि काउंटरची गोष्ट सांगितली, सगळी. आजोबांचे पाकीट आणायला जात असे तेही. बायको पोळी लाटता लाटता थांबली. सांगताना मला घाम फुटला होता. आपली मुले आपल्याला चांगला माणूस समजतात, ही एक मोठी मिळकत असते. ती खर्च करताना जीव खालीवर होतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "हेच तर."

त्यानंतर तो बोलायला लागला. बसमधला एक सीनियर मुलगा आणतो. तो कुठून आणतो? एका दुकानातून. दुकानाचे नाव ऐकून मी हबकलो. मालक आपल्या ओळखीतला. सभ्य, कष्टाळू गृहस्थ, देवाला न चुकता येणारा. मी त्याचे नाव इथे घेणार नाही, कारण त्याच्या जागी मी उभा राहिलेलो आहे. मीही त्याच्यासारखाच म्हणत होतो: मी नाही दिले तर पुढचा चौक आहे, आणि मुलांकडे लक्ष देणे हे आई-बापांचे काम. आणि आई-बाप म्हणून मी काय म्हणत होतो? हे शाळेचे काम. शाळा म्हणते, संस्कार घरी व्हायला हवेत. सरकार म्हणते, कायदा केला आहे, दुकानदाराने पाळावा. प्रत्येकाजवळची गाय भाकड, आणि सगळे मिळून चौदा वर्षांच्या पोराला म्हणतात, तू नचिकेत हो!

माझ्या मते नैतिक प्रश्न इथे आहे. जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते, असे आपण धरून चालतो. ती तशी वाटली जात नाही. त्या काउंटरपाशी, त्या क्षणी, ती पूर्ण माझी होती. "आज काय बदललं?" या प्रश्नाचे उत्तर मला आज देता येईल: काही बदलले नव्हते, मी कालच नाही म्हणायला हवे होते. मुलाच्या 'नको'मागे मोठ्यांचे किती 'नाही' उभे आहेत, यावर त्याचा 'नको' टिकतो. एकट्या पोराचा 'नको' टिकत नाही, हे त्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले. सगळ्यांनी मिळून म्हटलेला टिकतो, हेही दाखवले.

म्हणून मंडळाला आणि देवळाच्या कमिटीला माझ्या काही साध्या सूचना आहेत. ज्यांची दुकाने आहेत त्यांनी लायसन्स पाहिल्याशिवाय तंबाखू किंवा व्हेप विकू नये. २०२४ पासून तिशीच्या आतल्या गिऱ्हाइकाचा फोटो-आयडी पाहणे कायद्यानेही बंधनकारक झाले आहे, आणि ओळखीचा मुलगा असेल तर आयडीच्या आधी त्याच्या आईची आठवण करावी. दुकानाचे थोडे नुकसान होईल. दूध देणारी गाय देताना ते होतेच. नाटकाच्या मध्यंतरात हॉलच्या मागच्या दाराशी जी पुरुष मंडळी धूर काढत उभी असतात, त्यांनी तेवढे दोन तास थांबावे. मुले तिथेच बास्केटबॉल खेळत असतात. भारतातून येताना बॅगेत तंबाखूच्या पुड्या आणण्याची मोठी हौस आहे, ती सोडावी. व्हेपच्या दुकानाची जाहिरात या स्मरणिकेत घेऊ नये, मग पान कोरे राहिले तरी चालेल. आणि ज्यांच्या घरी मूल सापडले आहे, त्यांनी लपवू नये. नुसते घरी बसवून मूल सुटत नाही, त्याला सोडायला मदत लागते. 'ट्रुथ'वाल्यांचीच मुलांसाठी फोनवर मेसेज पाठवून मदत करणारी विनामूल्य सोय आहे. तिच्या एका प्रयोगात ती वापरणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्क्यांनी सोडले होते, न वापरणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी. चिरंजीवांना सोडायला सात-आठ महिने लागले. दोनदा पुन्हा सुरू झाले. शाळेच्या समुपदेशक बाईंनी फार मदत केली. आज तो बावीस वर्षांचा आहे, आणि हा लेख त्याला वाचून दाखवून, त्याची परवानगी घेऊन छापायला दिला आहे.

त्या दुकानमालकाकडे मी गेलो होतो का, असे कोणी विचारेल. गेलो होतो. भांडायला नाही. माझी काउंटरची गोष्ट त्यालाही सांगितली. त्याने चहा पाजला, काही बोलला नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा काउंटरवर आयडी मागणारी पाटी ठळक लावलेली होती. त्याने ती पाळली की नाही, ते त्याचे त्याला ठाऊक.

बालवर्गात आता मी गोष्ट गाईंपासून सुरू करतो. भाकड म्हणजे काय, हे न्यू जर्सीच्या मुलांना समजावताना नाकी नऊ येतात, पण समजले की ती मान डोलावतात. आणि शेवटी आणखी एक गोष्ट सांगतो, जी मी इतकी वर्षे भराभर उरकत होतो. यमाच्या दारी नचिकेताला तीन वर मिळतात. मृत्यूचे रहस्य हा तिसरा वर. पहिला कोणता होता? साक्षात मृत्यूच्या घरी बसलेल्या त्या पोराने आधी हे मागितले की मी परत जाईन तेव्हा माझ्या बाबांचा राग शांत झालेला असो, त्यांनी मला ओळखावे आणि माझ्याशी प्रेमाने बोलावे.

शाळेतून तसा फोन आलाच, तर गाडीतली पहिली दहा मिनिटे हा वर आठवण्याची बुद्धी गजानन आपल्या सर्वांना देवो.